उधारीची पातळी

आमच्या गावभागात जुलै लागला की माणसं जेवणखाण विचारायच्या आधी "आयर्विनला किती?" असं विचारतात. कृष्णेच्या पाण्याची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. पूल १९२९ चा. तिथं ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. हे दोन आकडे सांगलीतल्या पोरासोरांनासुद्धा पाठ असतात. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत काय चाललंय, आयर्विनला किती झालं, हे दिवसातून चारदा बघायला आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. धंद्यात रोजचा हिशेब लिहायची आणि उधारी मागायची जी सवय मला लागायला आठ वर्षं गेली, ती शेवटी ह्याच आकड्याच्या आधारानं टिकली. म्हणून पाण्यापासून सुरुवात केली.

२०१४ साली मी घराच्या सोप्यात मिरची कांडप सुरू केलं. मिस्टर एसटीत चालक, पोरं लहान, सासूबाई घरात. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही तसंच म्हणते. बचत गटाचं ४० हजारांचं कर्ज आणि पाटल्या मोडून आलेले पैसे, एवढ्यावर मशीन बसवलं. होळीपासून जूनच्या पहिल्या सरीपर्यंत आमचा हंगाम. बायका मिरची, धणे, खोबरं भाजून डब्यातून घेऊन येतात. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला. कांदा-लसूण मात्र शेवटी टाकायचा, नाहीतर चटणीचा गोळा होतो. कांडपाचे पैसे रोख मिळतात, त्यात काही भानगड नाही.

भानगड सुरू झाली ती पाकिटांपासून. हंगाम संपल्यावर मशीन रिकामं राहायला नको म्हणून मी स्वतःची चटणी आणि हळद पाकिटात भरून विकायला लागले. हळकुंड मार्केट यार्डातून आणायचं, फोडून दळायचं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण यार्डातल्या माणसांना तिची किंमत त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. मिरजेतल्या दोन खानावळी, मिसळीचे गाडे, कुपवाडकडची किराणा दुकानं असे माझे गिऱ्हाईक झाले. ही मंडळी रोख देत नाहीत. "वहिनी, पुढच्या आठवड्यात देतो" म्हणतात. तो आठवडा कधी येतो ते आपण लिहून ठेवलं असेल तरच कळतं.

मी लिहून ठेवत नव्हते. दोन दिवस लिहायचं, चार दिवस राहायचं, मग रविवारी आठवून आठवून भरायचं, मग तेही बंद. याचा परिणाम लगेच दिसत नाही, मार्च महिन्यात दिसतो. वर्षभराची मिरची हंगामात भरावी लागते. तेव्हा हातात पैसा नसला तर पावसाळ्यात तीच मिरची चढ्या भावानं घ्यावी लागते, आणि पाकिटाचा दर तर वाढवता येत नाही. म्हणजे ऑक्टोबरात अडकलेली उधारी माझा नफा मार्चमध्ये खाऊन टाकायची. हे मला समजत होतं. समजूनही संध्याकाळी वही उघडली जात नव्हती.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही नणंदेच्या ओळखीनं विश्रामबागला एका घरात दहा दिवस राहिलो. परत आलो तेव्हा सोप्यात गुडघाभर चिखल, मशीनची मोटर गेलेली, चटणीच्या पिंपांवर बुरशीचा पांढरा थर. वही लाकडी पेटीत होती, तिचा लगदा झाला होता. माझ्या आठवणीप्रमाणे बाहेर १ लाख ८० हजारांची उधारी होती. हातात आले ६२ हजार. काहींची दुकानंच पाण्याखाली गेली होती, त्यांच्याकडं मागणार तरी काय. पण काही जण म्हणाले, "वहिनी, तुमचे मी मेमध्येच दिले की." माझ्याकडं खोडून काढायला कागद नव्हता.

लोकांना मी दोन वर्षं सांगत राहिले की माझा हिशेब पुरानं नेला. ते खरं नव्हतं. वही वाचली असती तरी काही उपयोग नव्हता, कारण मे महिन्यानंतर तिच्यात मी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. हे मी पहिल्यांदा मिस्टरांना सांगितलं तेव्हा रडू आलं.

त्यानंतर मी जे प्रयत्न केले ते सगळे मनापासून केले. दिवाळीच्या पाडव्याला नवी लाल वही आणली, हळदकुंकू वाहिलं, पहिल्या पानावर श्री काढला. अकरा दिवस लिहिलं. मग भाऊबीजेची राहिलेली पाहुणेमंडळी आली आणि बाराव्या दिवशी जे सुटलं ते सुटलंच. पुढचा संकल्प गुढीपाडव्याचा, २५ मार्च २०२०, नेमका टाळेबंदीचा पहिला दिवस. त्याचं काय झालं ते सांगायला नको. २०२१ च्या सुरुवातीला तीन दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण केलं. तिथं एका सरांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल सांगितलं. औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर, निवडुंगात आणि सापांत, १९१० साली त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळी त्यांनी तो नांगर उतरवला. किर्लोस्करवाडी स्टेशनवरून मी माहेरी जाताना शंभर वेळा गेले असेन, पण त्या दिवशी ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन कपाटाच्या दारावर सात गोष्टी लिहून चिकटवल्या. पहाटे ४ ला उठणं, फिरायला जाणं, वाचन, हिशेब, वसुली, असं सगळं. नऊ दिवस चाललं.

अशी भाषणं ऐकू नयेत असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी मला जे वाटलं ते खरं होतं आणि ते अजून पुरतं. पण मंगळवारी संध्याकाळी साडेसातला, दारात तीन किलो मिरची घेऊन बाई उभी असताना, वही कुठं ठेवलीय आणि ती कधी उघडायची, हे त्या भाषणात नव्हतं. मी मात्र दर वेळी निष्कर्ष एकच काढला, की माझ्यात मनाचा जोर कमी आहे. दुसऱ्यांच्यात आहे, माझ्यात नाही. हा विचार माणसाला फार खोल नेतो. प्रत्येक सुटलेल्या दिवसाला तो एक नवा पुरावा देतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पगार बंद. घर पहिल्यांदाच पूर्ण माझ्या कांडपावर आलं. त्याच काळात प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेची माहिती मिळाली. केंद्रानं २०२० मध्ये ती सुरू केली. प्रकल्पाच्या खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. मी कागद घेऊन बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी बारा महिन्यांची विक्री, खरेदी आणि उधारी विचारली. माझ्याकडं लाइटची बिलं होती आणि तोंडी हिशेब होता. ते वाईट बोलले नाहीत. फाइल माझ्याकडं सरकवून म्हणाले, "ताई, धंदा चालतोय हे मला दिसतंय. पण कागदावर तो कुठंच नाही."

त्या संक्रांतीला माझी भाची आली होती. ती पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिळाच्या वड्या थापता थापता मी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात, मला एकवीस दिवसही जमत नाहीत गं." ती म्हणाली, "मावशी, ते एकवीस दिवस मुळात सवयीचे नाहीतच." मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. पेशंटला आपला बदललेला चेहरा आपला वाटायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. ते फिरत फिरत सगळ्या सवयींना चिकटलं. खरी मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, २००९ मध्ये ती छापून आली. ९६ माणसं, १२ आठवडे. प्रत्येकानं रोजच्या एका ठरलेल्या गोष्टीला जोडून खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट करायची, आणि ती किती आपोआप होते ते नोंदवायचं. सरासरी निघाली ६६ दिवस. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला हिशेबानं २५४ लागतील असं दिसलं. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, हेही त्यात होतं. हे शेवटचं वाक्य मी तिला पुन्हा सांगायला लावलं.

मी म्हणाले, "पण दिवसभर त्या धुरळ्यात उभं राहून रात्री मनात जोरच उरत नाही, त्याचं काय?" तिनं तेही सांगितलं. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉय बाउमाइस्टर यांनी एक प्रयोग केला. समोर ताजी गरम बिस्किटं ठेवून काहींना फक्त मुळा खायला लावला आणि नंतर न सुटणारं कोडं दिलं, तर मुळा खाल्लेल्यांनी ते लवकर सोडलं. त्यावरून म्हणायला लागले की इच्छाशक्ती वापरली की संपत जाते. पण २०१६ मध्ये २३ ठिकाणच्या प्रयोगशाळांनी मिळून, २ हजारांहून जास्त माणसांवर, अशीच पुन्हा तपासणी केली तेव्हा तसा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. वाद अजून चालू आहे म्हणाली. मला त्या वादातलं काही ठरवता येणार नव्हतं. पण तेल संपलं म्हणून दिवा विझला, अशी जी माझी समजूत होती ती तितकी पक्की नाही, एवढं मनात राहिलं.

आम्ही बोलत असतानाच दिवेलागण झाली. आत्या उठल्या. तेव्हा त्यांचं वय ७४, एक गुडघा गेलेला. त्यांनी देवळीतला दिवा पुसला, वात सारखी केली, काडी ओढली, आणि माळ घेऊन पाटावर बसल्या. त्याच दिवशी दुपारी त्यांचं आणि माझं गुळावरून वाजलं होतं, त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. तरी माळ ठरल्या वेळेला हातात आली. लग्न होऊन आल्यापासून मी हे रोज बघत होते आणि एकदाही त्याच्याकडं त्या नजरेनं बघितलं नव्हतं.

रात्री विचारलं, "आत्या, तुम्हाला कधी कंटाळा येत नाही?"

"येतो की. रोज येतो."

"मग?"

"दिवा लागला की हात जातोय माळंकडं. त्यात मनाला काय इचारायचं?"

मला झोप लागली नाही. आपल्याकडं ह्याला नेम म्हणतात. शब्दच पाहा, पूजेत संकल्प सोडतात आणि नेम धरतात. मी दर पाडव्याला संकल्प सोडत आले होते. आत्यांना रोज संध्याकाळी मन तयार आहे का, जोर उरलाय का, हे तपासावंच लागत नव्हतं. काडी ओढली की पुढचं ठरलेलं. लंडनच्या त्या माणसांनी ज्याला ठरलेली गोष्ट म्हटलं, ती आमच्या देवळीत तीस-चाळीस वर्षं जळत होती.

दुसऱ्याच दिवशी सुरू करणार होते. आत्या म्हणाल्या, करीच्या दिवशी नवं काही धरू नये. म्हणून १६ जानेवारी २०२२.

ठरवलं ते एवढंच: वही आणि पेन देवळीच्या खाली, दोरीला बांधून. आत्यांनी काडी ओढली की मी मशीनचं बटण बंद करायचं, त्यांच्या शेजारी दुसरा पाट टाकायचा, आणि तीन आकडे लिहायचे. आलेली रोख, दिलेली उधारी, केलेली खरेदी. बेरीज नाही, ताळेबंद नाही. कपाटावरची सात गोष्टींची चिठ्ठी मी काढून टाकली. पहाटे उठणं, फिरणं, सगळं सोडून दिलं. तिथं मला वाईट वाटलं, कारण मोठं काही करतोय असं वाटत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात दोनदा गिऱ्हाईक दारात होतं. "मावशी, पाच मिनिटं बसा" म्हणताना जीभ जड झाली, वाटलं ही बाई पुढच्या गल्लीत जाईल. एकही गेली नाही. उलट एकीनं दिव्याला हात जोडले आणि बसून राहिली. पानांवर तिखटाची बोटं उमटायची. आत्या मणी ओढत असायच्या, माझं पेन चालत असायचं. कुणी काही बोलायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मागची पानं उलटताना एक गोष्ट दिसली आणि मी चपापले. रोख रोज भरलेली, खरेदी रोज भरलेली. उधारीचा रकाना निम्म्याहून जास्त दिवस कोरा. तिथं मी "नंतर" असं बारीक अक्षरात लिहिलं होतं.

म्हणजे हाताला आळस नव्हता. लिहायला वेळ नव्हता असंही नाही, पाटावर तर बसलेच होते. मला तो एकच आकडा बघायचा नव्हता. त्यावर मी बरेच दिवस विचार केला. माझं माहेर तासगाव तालुक्यात. वडिलांची दीड एकर द्राक्षबाग. एका वर्षी अवकाळीनं घड गेले आणि औषधांच्या दुकानाची बाकी राहिली. तो दुकानदार अंगणात येऊन मोठ्यानं पैसे मागायचा. वडील मान खाली घालून उभे, आणि मी दाराआड. मी दहा वर्षांची असेन. पैसे मागणारा माणूस म्हणजे तो, असं तेव्हापासून मनात बसलं होतं. उधारी लिहिली की ती मागावी लागणार, आणि मागितली की मी त्या अंगणातली होणार. हे शब्दांत आल्यावर मला वर्षानुवर्षांचा उलगडा झाला. पहाटे ४ ला उठून ह्याचं काही होणार नव्हतं.

भाचीला फोन केला. तिनं पीटर गोलवित्झर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम सांगितलं, १९९० च्या दशकातलं. नुसतं "मी अमुक करीन" म्हणण्यापेक्षा "जर अमुक झालं, तर मी तमुक करीन" असं आधीच बांधून ठेवलं तर ते होण्याची शक्यता वाढते. मी बांधून ठेवलं: सकाळच्या पहिल्या चहाचा कप ओट्यावर रिकामा ठेवला, की एक फोन. एकच. रविवारी नाही. आणि काय बोलायचं तेही लिहून ठेवलं, कारण मी भलतंच बोलत बसते, पोरं कशी आहेत, पाऊस कसा आहे, आणि मूळ गोष्ट राहते. वाक्य असं: "दादा, गेल्या महिन्याचे इतके इतके राहिलेत. आज पाठवताय, का उद्या पोराला पाठवू?" त्यात रागाचा शब्द नाही, आणि माफीचाही नाही. माफीचे शब्द काढायला मला राग काढण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

पहिला फोन एका मिसळवाल्या दादांना. १,८५० रुपये. चार महिने मी त्यांच्या गाड्यासमोरून जायचं टाळत होते, गल्ली बदलून जायचे. फोनवर माझा आवाज कापत होता. ते म्हणाले, "अहो वहिनी, बरं झालं आठवण केली, माझ्या ध्यानातच नव्हतं." दहा मिनिटांत पैसे मोबाइलवर आले. मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. चार महिने मी त्या माणसाला मनात दोष देत होते आणि त्यांना साधी आठवणसुद्धा नव्हती.

सगळे असे निघाले नाहीत. एक दुकानदार म्हणाला, "एवढ्याशा पैशासाठी फोन करताय?" त्याला माल बंद केला. ४,३०० बुडाले. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तिसऱ्या सकाळी कप ओट्यावर ठेवला आणि पुढचा नंबर लावला, तेव्हा मला माझंच नवल वाटलं.

जूनमध्ये चुलत सासरे गेले. घराला सुतक. देवळीतला दिवा बंद, माळ बंद, म्हणून वहीही बंद. तेरा दिवस. माझ्या पोटात भीती, कारण माझं सगळं नेहमी असंच सुटत आलेलं. चौदाव्या दिवशी दिवेलागणीला आत्यांनी देवळी पुसली, काडी ओढली, माळ घेतली. मधल्या दिवसांची भरपाई नाही, हळहळ नाही, दुप्पट माळा नाहीत. मी विचारलं, "तेरा दिवस राहिले त्याचं काय?" म्हणाल्या, "सुतक हुतं. फिटलं." मी वहीत एक आडवी रेघ मारली, तिच्यावर "सुतक" लिहिलं आणि खाली त्या दिवसाचे तीन आकडे. आपल्या रीतीत नेमाबरोबर त्याचा खंडही आधीच धरलेला असतो, आणि खंडानंतर परत कसं यायचं तेही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. लॅलीबाईंच्या एका चुकलेल्या दिवसापेक्षा हे मला जास्त पटलं.

पुढच्याच महिन्यात धाकटा शाळेतून पळत आला, "आई, आयर्विनला वाढतंय!" मी हातातलं काम टाकून मोबाइल बघितला. आणि बघता बघता मनात आलं, ह्या आकड्यासाठी मी कधी स्वतःला ढकललं का? जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा आम्ही मोटर, पोती, पिंपं सगळं दोन दिवस आधी माळ्यावर चढवलं, कारण आकड्यावर नजर होती. एक आकडा, सगळ्यांना दिसेल असा, आणि कुठल्या आकड्याला काय करायचं ते ठरलेलं. उधारीचं तसं काहीच नव्हतं. ती वहीत होती, आणि वही बंद असते.

सोप्यातल्या मशीनमागच्या भिंतीवर मी खडूनं चौकोन आखला. त्यात एकूण उधारी. बाजूला दोन रेघा. ४० हजारांना इशारा: नव्या माणसाला उधार नाही. ४५ हजारांना धोका: कुणालाच उधार नाही, आणि सकाळी एकाऐवजी दोन फोन. आकडा लिहायचं काम धाकट्याकडं दिलं, वही मिटली की तो येऊन पुसून नवा लिहितो. सुरुवातीला तिथं ९६ हजार होते. त्या वर्षी दिवाळीला ३८ झाले. नाव कुणाचंच लिहिलेलं नसे, पण हा आकडा कसला असं गिऱ्हाईक विचारायचं आणि मी खरं ते सांगायचे. दोघांनी विचारल्यावर तिथल्या तिथं खिशातून पैसे काढून दिले.

आपोआप कधी झालं? मला तारीख नाही सांगता येणार. संध्याकाळचं मे महिन्यात कधीतरी. लाइट गेली होती, मशीन आधीच बंद होतं, आत्यांनी दिवा लावला आणि त्या उजेडात मी दोन ओळी लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी लिहितेय. म्हणजे चारेक महिने. सकाळच्या फोनला वर्ष लागलं, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता आपोआप होत नाही. अजूनही कप ठेवल्यावर एक क्षण छातीत धडधडतं.

मार्च २०२३ मध्ये मी वर्षाची सगळी मिरची पहिल्यांदा हंगामात, रोख देऊन भरली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्ज मंजूर झालं. साडेसहा लाखांचा प्रकल्प, ६५ हजार माझे. दळायचं नवं मशीन, पल्व्हरायझर, आणि पाकीट बंद करायचं मशीन आलं. बँकेतल्या मॅडमनी माझ्या दोन वर्षांच्या वह्या उलटल्या तेव्हा त्यांच्या बोटांना हळद लागली. या योजनेत अनुदान लगेच हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेतच राहतं, हप्ते नीट गेले तर कर्जात वळतं होतं. मला हे बरंच वाटलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आत्या न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं, आणि तीन महिन्यांसाठी त्या नणंदेकडं तासगावला गेल्या. दवाखान्याच्या धावपळीत दिवा लागत नव्हता. बाराव्या दिवशी माझी नजर भिंतीवर गेली. आकडा बदललाच नव्हता. वही उघडली तर अकरा दिवस कोरे. पावणेतीन वर्षं मी लोकांना सांगत होते की मला आता शिस्त लागलीय. ती आत्यांच्या काडीला टांगलेली होती.

त्या संध्याकाळी मी स्वतः देवळी पुसली. वात नीट जमली नाही, दोनदा विझली. मग पाट टाकला, आडवी रेघ मारली आणि तीन आकडे लिहिले. तेवढ्यात तासगावहून फोन आला. "दिवा लावलास?" "लावला, आत्या." बाकी काही विचारलं नाही त्यांनी. पुढं तीन महिने रोज त्याच वेळेला फोन आला.

आता त्या घरी आहेत. पाटावर बसता येत नाही, खुर्चीवर बसून माळ ओढतात. काडी मी ओढते. धाकटा दहावीला आहे, अभ्यास असला तरी वही मिटल्याचा आवाज ऐकून खडू घेऊन येतो.

आज भिंतीवर ४१ हजार २०० आहेत. लग्नसराईत दोन आचाऱ्यांना चटणी आणि हळद जास्त गेली, त्यातले पैसे राहिलेत. इशाऱ्याच्या वर आहे, म्हणून काल एका नव्या दुकानाला उधार नाही म्हणाले. उद्या सकाळचा फोन मोठ्या आचाऱ्यांना. १२ हजार ६०० रुपये. माणूस तोंडाचा फटकळ आहे. नंबर वहीच्या कडेला लिहून ठेवलाय.